चार बोटांचा टेकू

उलव्याच्या मागच्या अंगाला,
साडेबारा टक्क्यांचे प्लॉट जिथे अजून खाजणाकडे तोंड करून बसलेत,
हसुराम घरतांचं घर उभं राहतंय.
उभं म्हणजे, अजून गुडघ्याएवढं.
बारा पाइल काळ्या चिकणीतून
कातळ लागेपर्यंत गेलेत.
त्यांच्या डोक्यावर तुळया,
तुळयांवर ब्लॉकच्या बुटक्या भिंती,
आणि भिंतींच्या मधे
भराव नाही, सोलिंग नाही,
नुसती पोकळी.

गोमीबाय, हसुरामांची आई,
रोज दहाला येऊन सिमेंटच्या गोणींवर बसते.
"जल्ला, माती कवा टाकनार?"
टाकणार नाही, आजी.
ही माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते.
तिच्यावर लादी टेकवली
तर लादीलाही तिच्यासारखं श्वास घ्यायला लावील.
म्हणून जमीन भिंतींवर ठेवायची,
दोन पाटांवर फळी ठेवतात तशी.
"म्हंजे मी अधांतरी चालायचं?"
हो. वीतभर.
ती तोंडाला पदर लावून हसली.
मला वाटलं, पटलं नाही.

गुरुवारी तळोज्याहून ट्रेलर आला.
अकरा फळ्या, पोटात प्रत्येकी पाच भोकं;
एका टोकाला डोळा लावला
की पलीकडचा रिकामा प्लॉट
पाच वर्तुळांत तुटून दिसायचा.
क्रेन तासाच्या भाड्याने.
निजामुद्दीन केबिनमधून खाली न बघता
फक्त माझा हात बघत होता.
भिंतीवर ओल अडवणारा काळा पट्टा,
पट्ट्यावर बोटभर मसाला,
मग फळी, सावकाश,
झोपलेलं मूल पाळण्यात उतरवावं तशी,
आणि दोन्ही टोकांना भिंतीवर चार चार बोटं.
नकाशात पंचाहत्तर मिलिमीटर लिहिलंय,
साइटवर सगळे चार बोटंच म्हणतात.

सहा बसल्या.
सातवी पश्चिमेला बसली,
पूर्वेला दोन बोटं.

हसुराम म्हणाले, मसाला भरा, बसेल.
मिस्त्री म्हणाला, वरून काँक्रीट पडणारच आहे, मॅडम,
कोण बघतंय.
क्रेनचा मीटर चालू.
आणि मला आठवली पंधरवड्यापूर्वीची संध्याकाळ,
दोरीच्या आतल्या अंगाने माप घ्यायचं
ते मी बाहेरच्या अंगाने घेतलेलं.
पनवेलची बस चुकेल म्हणून.

हे कोणाला माहीत नव्हतं.

गोमीबाय उठली.
भिंतीपाशी जाऊन तिने आपली बोटं आडवी लावली,
दोन फळीखाली मावली, दोन बाहेर राहिली.
बाहेरच्या दोन बोटांकडे ती बराच वेळ बघत होती.
"आमचे खारबांधाला एक साल असंच झालं.
उघाडीजवल दोन बोटं बांध कमी घातला.
कोन बघतंय, म्हनाले तवाही.
भरतीनं बघितलं."
त्या वर्षी किती खाचरं खारी झाली
हे तिने सांगितलं नाही.
हसुरामांनी चप्पल झाडली, गप्प राहिले.

मी हात वर केला. फळी उचला.
चूक माझी आहे, म्हटलं,
आवाज अपेक्षेपेक्षा बारीक निघाला.
पूर्वेची भिंत उतरवली,
तुळईवर जागा होती, आत सरकवून पुन्हा बांधली.
दुसऱ्या क्रेनचं भाडं
तीन पगारांतून फिटेल.

महिन्याने जमीन झाली.
फटी भरल्या, वर जाळी, जाळीवर काँक्रीट.
लादी यायच्या आधीच गोमीबाय
अनवाणी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली,
मधोमध थांबून टाच आपटली, दोनदा.
मग बाहेर येऊन वाकली,
बुटक्या भिंतीतल्या हवाजाळीला तळवा लावला.
खाडीकडचा वारा घराखालून येत होता.

"उघाडी ठेवलीस. बरं केलंस."
थोडं थांबून,
"खाली कोन ऱ्हानार?"
वारा, म्हटलं.
"भारं देईल काय तो?"

आता कुठल्याही कठड्यावर हात टेकवला
की माझी बोटं आपोआप आडवी होतात.